रेगेन्सबुर्गचे पाचवे कलम

२ मे १५४१ रोजी डॅन्यूबकाठच्या रेगेन्सबुर्ग नगरीत सहा धर्मपंडितांचे एका कलमावर एकमत झाले. त्यांपैकी तिघे रोमच्या पक्षाचे होते, तिघे धर्मसुधारकांच्या. कलमाचा विषय एकच होता: पापी माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो? या प्रश्नावरून जर्मनी दोन तपे धुमसत होती. मठ ओस पडले होते आणि संस्थानिक व नगरे दोन तटांत वाटली गेली होती. आता त्याच प्रश्नाच्या उत्तरावर दोन्ही बाजूंच्या जाणत्या माणसांनी होकार भरला. पुढे महिनाभरात हा समेट फसला. पण तो कुठे फसला हे नीट पाहिले, तर सोळाव्या शतकातली ख्रिस्ती फूट केवळ विश्वास आणि कर्म यांच्या वादातून पडली, ही सरधोपट समजूत टिकत नाही.

प्रश्न मुळात सोळाव्या शतकाचा नव्हता. इ.स. पहिल्या शतकाच्या मध्यास प्रेषित पौलाने गलतिया आणि रोम येथील मंडळ्यांना पत्रे लिहिली, त्यांत तो ठळकपणे मांडलेला आहे. विदेशी लोकांतून ख्रिस्ताकडे आलेल्यांनी सुंता करून घ्यावी का, मोशेचे नियमशास्त्र पाळावे का, असा तेव्हाचा व्यवहारातला पेच होता. पौलाचे उत्तर त्या पेचापुरते राहिले नाही. यहूदी असो की ग्रीक, सारेच पापाखाली आहेत. नियमशास्त्र पाप दाखवून देते, पण त्यातून सोडवीत नाही. देव माणसाला नीतिमान ठरवतो ते येशू ख्रिस्तावरील विश्वासामुळे, आणि तेही विनामूल्य, कृपेने. आब्राहामाचा दाखला पौलाने मुद्दाम घेतला, कारण आब्राहामाने देवाच्या वचनावर विश्वास ठेवला तो सुंतेच्या आधी. नव्या करारातच याकोबाचेही पत्र आहे आणि कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे, असे ते बजावते. या दोघांना एकत्र कसे वाचायचे, हा पुढच्या सगळ्या पिढ्यांचा अभ्यासविषय झाला.

पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियस नावाच्या तपस्व्याने शिकवले की देवाने आज्ञा दिल्या आहेत त्या अर्थी त्या पाळण्याचे बळ माणसात असलेच पाहिजे. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांच्या मते माणसाची इच्छाशक्तीच आजारी आहे. तिला बरे करणारी कृपा आधी येते आणि माणसाचे चांगलेपण मागाहून. ४१८ च्या कार्थेज परिषदेने आणि ५२९ च्या ओरांज परिषदेने पेलाजियसवादाविरुद्ध निर्णय दिला. तारण देवाच्या कृपेनेच होते, ही शिकवण पश्चिमेकडील चर्चने त्यानंतर कधीही सोडली नाही. ल्युथरवरच्या लोकप्रिय लिखाणात ही गोष्ट वारंवार विसरली जाते आणि मग मध्ययुगीन चर्च म्हणजे निव्वळ कर्मकांडाचा बाजार, असे विपरीत चित्र उभे राहते.

वाद होता तो कृपा माणसात काय करते आणि माणसाने अखेर कशावर विसंबावे, याचा. मध्ययुगीन धर्मशास्त्रानुसार संस्कारांच्या द्वारे कृपा आत्म्यात ओतली जाते आणि माणसाला खरोखर आतून नीतिमान करते. प्रीतीच्या कृत्यांनी हे नीतिमत्त्व वाढत जाते आणि प्राणघातक पापाने ते गमावलेही जाते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात ट्युबिंगेनचे गाब्रिएल बील यांच्यासारख्या आचार्यांनी आणखी एक गोष्ट ठासून शिकवली: जो आपल्याने होईल तेवढे करतो, त्याला देव कृपा नाकारत नाही. ऐकायला हे आश्वासक आहे. पण आपल्याने होईल तेवढे आपण केले की नाही, हे माणसाने ठरवायचे कसे?

मार्टिन ल्युथर या तरुण साधूला या प्रश्नाने पुरते घेरले. जुलै १५०५ मध्ये तो एर्फुर्टच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाला. उपास, जागरणे, प्रार्थना यांत त्याने कसूर केली नाही. पापनिवेदनाला बसला की तासन्‌तास बसे, आणि उठल्यावर एखादे पाप सांगायचे राहिले असेल या भीतीने पुन्हा व्याकूळ होई. त्याच्या संघाचे वरिष्ठ योहान फॉन श्टाउपिट्झ यांनी त्याला स्वतःकडे पाहण्याऐवजी ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहायला सांगितले आणि बायबलच्या अध्यापनाकडे वळवले. १५१२ मध्ये ल्युथर डॉक्टर झाला आणि विटेनबेर्ग विद्यापीठात स्तोत्रसंहिता, मग रोमकरांस पत्र, मग गलतीकरांस पत्र अशी व्याख्याने देऊ लागला.

या व्याख्यानांच्या काळातच त्याच्या विचारात बदल घडला. आयुष्याच्या अखेरीस, १५४५ मध्ये, आपल्या लॅटिन ग्रंथांच्या प्रस्तावनेत त्याने त्याची हकिकत दिली आहे. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल देवाच्या नीतिमत्त्वाविषयी बोलतो. ल्युथर त्याचा अर्थ, नीतिमान देव पाप्यांना शिक्षा करतो, असा घेत होता आणि मनातून अशा देवाचा द्वेष करीत होता. रात्रंदिवस चिंतन केल्यावर त्याला उमगले की पौल बोलतो आहे ते देव माणसाला दान म्हणून देतो त्या नीतिमत्त्वाबद्दल, आणि ते स्वीकारण्याचा हात म्हणजे विश्वास. हा बदल नेमका केव्हा झाला, १५१३ च्या सुमारास की थेट १५१९ मध्ये, यावर अभ्यासकांचा वाद आहे. एका रात्रीत तो झाला असेल असे त्याच्या व्याख्यानांच्या टिपणांवरून वाटत नाही. हळूहळू उलगडत गेलेली गोष्ट म्हाताऱ्या ल्युथरला मागे वळून पाहताना एका क्षणात एकवटलेली दिसली, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे.

पापमुक्तिपत्रांचे प्रकरण सर्वांना ठाऊक असल्याने थोडक्यात सांगणे पुरे. ब्रांडेनबुर्गचा आल्ब्रेख्त तरुण वयातच मागदेबुर्ग आणि माइन्झ या दोन आर्चबिशपपदांचा धनी झाला. त्यासाठी रोमला भरायचे पैसे त्याने आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांकडून काढले. कर्ज फेडण्यासाठी त्याच्या प्रदेशात पापमुक्तिपत्रे विकायची, निम्मी रक्कम रोमच्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला आणि निम्मी फुगरांना द्यायची, असा सौदा ठरला. योहान टेट्झेल हा डोमिनिकन साधू ती पत्रे खपवू लागला. विटेनबेर्गचे लोक सरहद्द ओलांडून ती विकत आणू लागले आणि त्यांच्या जोरावर पश्चात्तापाची गरज नाही असे समजू लागले. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ल्युथरने त्याविरुद्ध ९५ प्रमेये पुढे केली, ती या अनुभवातून. १५२० मध्ये ‘ख्रिस्ती माणसाचे स्वातंत्र्य’ या पुस्तिकेत त्याने आपली शिकवण सर्वांत गोड भाषेत मांडली. विश्वासाने आत्मा ख्रिस्ताशी विवाहबद्ध होतो, ख्रिस्ताचे नीतिमत्त्व आत्म्याला मिळते आणि आत्म्याचे पाप ख्रिस्त आपल्यावर घेतो. असा मुक्त झालेला माणूस मग शेजाऱ्याची सेवा करतो, ती तारण कमावण्यासाठी नव्हे, तर ते आधीच मिळाले आहे म्हणून. १५२१ च्या आरंभी पोपने त्याला बहिष्कृत केले आणि त्याच वर्षी वोर्म्सच्या साम्राज्यसभेने त्याला कायद्याच्या संरक्षणाबाहेर टाकले.

त्या वर्षी वोर्म्समध्ये व्हेनिसचा एक वकील सम्राट पाचव्या चार्ल्सच्या दरबारी आला होता. त्याचे नाव गास्पारो काँतारिनी. ल्युथरशी त्याची भेट झाली नाही. दोघांचा जन्म एकाच वर्षीचा, १४८३ चा. दोघांत आणखी एक साम्य होते आणि ते जगाला कळायला विसावे शतक उजाडावे लागले. ह्युबर्ट येडिन या कॅथलिक इतिहासकाराने काँतारिनीची तरुणपणची पत्रे उजेडात आणली, तेव्हा त्याचीही घालमेल समोर आली.

काँतारिनीचा जिवलग मित्र तोमासो जुस्तिनियानी संसाराचा पाश तोडून कामाल्दोलीच्या अरण्यातल्या मठात गेला होता. इतके कठोर तप करूनही आपल्या पापांची भरपाई होईल की नाही, ही धास्ती तो पत्रांतून कळवी. शहरात राहणाऱ्या, ग्रंथांत रमणाऱ्या काँतारिनीला प्रश्न पडला की या तपस्व्याची ही कथा, तर आपली काय गत? १५११ च्या पवित्र शनिवारी तो पापनिवेदनाला गेला आणि एका साधूशी त्याचे बोलणे झाले. परतल्यावर त्याने विचार केला की जगातली सारी तपश्चर्या केली तरी गेल्या पापांची फेड होणार नाही. ती फेड ख्रिस्ताच्या दुःखसहनाने झालेली आहे. त्याच्याशी विश्वास, आशा आणि थोड्याशा प्रीतीने जोडले जाणे, एवढेच आपल्या हाती आहे. आता आपण निर्धास्त झोपू शकतो, अशा अर्थाचे त्याने मित्राला कळवले. ल्युथरचे नावही तेव्हा कोणाला माहीत नव्हते.

एकाच वेदनेतून दोघांना जवळजवळ एकच उत्तर मिळाले. एक चर्चबाहेर पडला आणि दुसरा चर्चच्या शिखराकडे गेला. १५३५ मध्ये पोप तिसऱ्या पॉलने काँतारिनीला थेट कार्डिनल केले. तेव्हा त्याने पुरोहितपदाची दीक्षाही घेतलेली नव्हती. १५३७ मध्ये चर्चमधील भ्रष्टाचाराचा रोखठोक अहवाल देणाऱ्या समितीचा तो प्रमुख होता. इग्नेशियस लोयोलाच्या नव्या येशूसंघाला पोपची मान्यता मिळावी म्हणून त्यानेच शब्द टाकला आणि १५४० मध्ये ती मिळाली. त्या संघाचा फ्रान्सिस झेवियर एप्रिल १५४१ मध्ये लिस्बनहून निघाला आणि मे १५४२ मध्ये गोव्याला उतरला. झेवियरचे जहाज सुटले त्याच महिन्यात काँतारिनी पोपचा प्रतिनिधी म्हणून रेगेन्सबुर्गमध्ये वाटाघाटींना बसला होता.

दरम्यान ल्युथरच्या पक्षाची शिकवण पक्की होत आली होती. २५ जून १५३० रोजी आउग्सबुर्ग येथे सम्राटापुढे वाचलेल्या कबुलीजबाबाच्या चौथ्या कलमात ती नेटकेपणाने आली: माणसे स्वतःच्या बळाने, पुण्याने किंवा कर्मांनी नव्हे, तर ख्रिस्ताखातर, विश्वासाद्वारे विनामूल्य नीतिमान ठरतात. हा मसुदा फिलिप मेलांख्थॉन याचा. तो ल्युथरपेक्षा चौदा वर्षांनी लहान, ग्रीकचा पंडित आणि स्वभावाने सौम्य. प्रतिपक्षाचा मुख्य आक्षेपही तसा वाजवी होता. केवळ विश्वासाने सुटका होते असे सांगितले, तर सामान्य माणूस सदाचरण कशाला करील? सुधारकांचे उत्तर असे की खरा विश्वास सत्कर्मांवाचून राहूच शकत नाही, मात्र ती कर्मे तारणाचा आधार नव्हेत. १५३७ च्या श्माल्काल्डन कलमांत ल्युथरने बजावले की या मुद्द्यावर तसूभरही माघार नाही.

मग १५४१ मध्ये बोलणी का झाली? एक कारण तुर्कांचे. सुलतान सुलेमानच्या फौजा हंगेरीत शिरल्या होत्या आणि त्यांना तोंड देण्यासाठी सम्राटाला सर्व जर्मन संस्थानिकांचे, म्हणजे प्रोटेस्टंटांचेही, पैसे आणि शिपाई हवे होते. दुसरे कारण हेसचा संस्थानिक फिलिप. त्याने १५४० मध्ये पहिली पत्नी हयात असताना दुसरे लग्न केले. साम्राज्याच्या कायद्याने हा मोठा गुन्हा होता, त्यामुळे प्रोटेस्टंट आघाडीचा हा प्रमुख सम्राटापुढे नरमला होता. पण राजकारण एवढेच कारण म्हणणे अन्याय होईल. कलोनचा योहान ग्रोपर, स्ट्रासबुर्गचा मार्टिन बुट्सर अशी माणसे दोन्हीकडे होती, आणि चर्च फाटू नये यासाठी ती मनापासून झटत होती. १५४०–४१ च्या हिवाळ्यात वोर्म्सला उघड चर्चा चालू असतानाच या मंडळींनी गुप्तपणे एक मसुदा तयार केला. त्यालाच पुढे ‘रेगेन्सबुर्गचे पुस्तक’ म्हणतात. त्यात २३ कलमे होती. लेखकांची नावे झाकून ठेवून सम्राटाने ते चर्चेसाठी पुढे ठेवले.

२७ एप्रिलला चर्चा सुरू झाली. कॅथलिक बाजूला ग्रोपर, युलियुस फ्लुग आणि योहान एक. एक हा १५१९ मध्ये लाइपझिगच्या वादसभेत ल्युथरशी झुंजलेला, आवाजाने आणि स्मरणशक्तीने दांडगा, समेटाच्या कल्पनेवरच चिडलेला. प्रोटेस्टंट बाजूला मेलांख्थॉन, बुट्सर आणि हेसचा धर्मोपदेशक योहान पिस्टोरियस. काँतारिनी चर्चेच्या खोलीत बसत नसे. कॅथलिक पंडित त्याला येऊन भेटत, त्याचा सल्ला घेत आणि परत जात. मनुष्याची उत्पत्ती, इच्छास्वातंत्र्य, पापाचे कारण आणि मूळ पाप ही पहिली चार कलमे झपाट्याने मिटली. पाचव्याशी गाडी अडली. मसुद्यातले मूळ कलम लांबलचक आणि संदिग्ध होते. योहान एकलाही ते नको होते आणि मेलांख्थॉनलाही. ते बाजूला ठेवून नवे मसुदे लिहिले गेले, खोडले गेले, पुन्हा लिहिले गेले. अखेर २ मे रोजी एकमत झाले.

त्या कलमाचा आशय असा. आदामाच्या पतनानंतर सर्व माणसे देवाच्या क्रोधास पात्र आहेत आणि ख्रिस्तावाचून कोणाचीही सुटका नाही. पवित्र आत्मा माणसाचे मन देवाकडे वळवतो, मग माणूस पश्चात्ताप करतो आणि ख्रिस्ताखातर मिळणाऱ्या क्षमेवर भरवसा ठेवतो. पापी माणूस नीतिमान ठरतो तो जिवंत आणि कार्यशील विश्वासाने. हा विश्वास ख्रिस्ताचे नीतिमत्त्व स्वीकारतो आणि ते माणसाच्या खाती जमा धरले जाते. त्याच वेळी माणसाच्या ठायी प्रीती ओतली जाते, त्याचे अंतःकरण बरे होऊ लागते, आणि या अर्थी त्याच्या आतही एक नीतिमत्त्व येते. पण विश्वासणारा आत्मा या आतल्या नीतिमत्त्वावर विसंबत नाही, कारण ते अपुरे असते. तो विसंबतो ते केवळ ख्रिस्ताच्या, आपल्याला दान मिळालेल्या नीतिमत्त्वावर. शेवटी एक पुस्ती आहे: केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो असे जे शिकवतात, त्यांनी पश्चात्ताप, देवाचे भय आणि सत्कर्मे यांचीही शिकवण तितकीच दिली पाहिजे.

कलम वाचताना काँतारिनीच्या १५११ च्या पत्राची आठवण होणे अपरिहार्य आहे. माणूस आतून बदलतो, हे रोमचे म्हणणे त्यात आहे. त्या बदलावर भरवसा ठेवायचा नाही, हे विटेनबेर्गचे म्हणणेही आहे. इंग्लंडचा कार्डिनल रेजिनल्ड पोल याने काँतारिनीला आनंदाचे पत्र पाठवले. स्ट्रासबुर्गच्या शिष्टमंडळात जाँ काल्व्हँ होता, तेव्हा अवघ्या एकतीस वर्षांचा, जिनीव्हातून हद्दपार झालेला. प्रतिपक्षाने इतके मान्य करावे याचे त्याला नवल वाटले. मांडणी आणखी स्पष्ट हवी होती, पण आपल्या शिकवणीचे सार कलमात टिकले आहे, असे त्याने आपला सहकारी सुधारक गियोम फारेल याला कळवले. काल्व्हँ हा समेटासाठी शब्द सैल करणारा माणूस नव्हे, म्हणून त्याची साक्ष मोलाची.

नापसंतीही लगोलग आली. ल्युथर बहिष्कृत असल्याने सभेला नव्हता. मसुदा हाती येताच त्याने तो ठिगळे जोडून केलेला आहे, असे म्हटले. विश्वासाने नीतिमान ठरतो हे एक विधान आणि प्रीतीतून कार्य करणारा विश्वास हे दुसरे. दोन्ही शेजारी शिवून टाकली आहेत, उद्या जो तो आपापला तुकडा दाखवून जिंकल्याचे सांगेल, ही त्याची भीती. रोममध्ये २७ मेच्या बैठकीत कार्डिनलांनीही कलमाला मान्यता दिली नाही. शब्द दुहेरी अर्थाचे आहेत, हीच तिथलीही तक्रार. काँतारिनीने २५ मे रोजी एक दीर्घ पत्र लिहून कलमाचा शास्त्राधार समजावून सांगितला, पण त्याच्यावर ल्युथरपंथी असल्याचा संशय घेणारे वाढतच गेले.

ही टीका पूर्णपणे चुकीची नव्हती. जिवंत आणि कार्यशील विश्वास तारतो, असे म्हटल्यावर विश्वास तारतो तो ख्रिस्ताला धरतो म्हणून, की त्यात प्रीतीचे जिवंतपण असते म्हणून, हा कळीचा प्रश्न उरतोच आणि कलम त्याला बगल देते. तरीही माणसाने अखेर कशावर विसंबावे, याचे कलमाने दिलेले उत्तर असंदिग्ध आहे. ल्युथरच्या मठातील यातनांना तेच उत्तर हवे होते.

रेगेन्सबुर्गची बोलणी पाचव्या कलमावर मोडली नाहीत, ही गोष्ट अधोरेखित करायला हवी. पुढे चर्चच्या अधिकाराचे कलम आले. धर्मपरिषदा चुकू शकतात की नाही, यावर जमेना, म्हणून ते मागे ठेवले. मग आले प्रभुभोजनाचे चौदावे कलम. भाकर आणि द्राक्षारस यांचे मूळ द्रव्यच बदलून ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त होते, असे १२१५ च्या लॅटरन परिषदेने म्हटले होते. ख्रिस्त तिथे खरोखर हजर आहे, हे प्रोटेस्टंट पंडितांनी मान्य केले, पण द्रव्य बदलते हे मान्य केले नाही. इथे काँतारिनीच ठाम राहिला. परिषदेने ठरवलेली गोष्ट वाटाघाटीत सोडता येत नाही, असे त्याचे मत. ज्याच्यामुळे पाचवे कलम शक्य झाले, त्यानेच चौदाव्यावर दार लावून घेतले, आणि आपल्या दृष्टीने तो प्रामाणिकच होता. मेलांख्थॉनही हटेना, सम्राट त्याच्यावर रागावला. योहान एक तापाने आजारी पडला आणि चर्चेतून गेला. प्रत्येक पाप धर्मगुरूपुढे मोजून सांगणे आवश्यक आहे का, यावर पुन्हा ठिणगी उडाली. ३१ मे रोजी पुस्तक सम्राटाला परत देण्यात आले, सोबत प्रोटेस्टंटांची नऊ विरोधी कलमे होती. जुलैअखेर सभा संपली आणि ऑगस्टच्या शेवटी बुडा शहर सुलेमानच्या ताब्यात गेले.

पुढच्या घटना वेगाने घडल्या. जुलै १५४२ मध्ये कार्डिनल काराफाच्या आग्रहाने रोममध्ये पाखंडाची चौकशी करणाऱ्या इन्क्विझिशनची पुनर्रचना झाली. ऑगस्टमध्ये काँतारिनी बोलोन्या येथे वारला. त्याच्या विचारांच्या जवळचे दोन नामांकित उपदेशक, बेर्नार्दिनो ओकिनो आणि पीटर मार्टर वेर्मिली, त्याच उन्हाळ्यात इटलीतून पळून प्रोटेस्टंटांना मिळाले. त्यामुळे समेटवाद्यांवरचा संशय आणखी गडद झाला. १५४३ मध्ये व्हेनिसमध्ये ‘ख्रिस्ताचा कृपालाभ’ हे छोटेसे निनावी पुस्तक छापले गेले. विश्वासाने मिळणाऱ्या नीतिमत्त्वाचा इतका हृद्य गौरव इटालियन भाषेत झाला नव्हता. त्यावर बंदी आली आणि प्रती अशा निकराने नष्ट केल्या गेल्या की ते पुस्तक नामशेष झाले, असे पुढे मानले जाई. एकोणिसाव्या शतकात केंब्रिजमध्ये एक प्रत सापडली.

डिसेंबर १५४५ मध्ये ट्रेंट येथे धर्मपरिषद भरली. फेब्रुवारी १५४६ मध्ये ल्युथर वारला. त्याच वर्षी जूनपासून सात महिने ट्रेंटमध्ये याच प्रश्नावर काथ्याकूट झाला. परिषदेचा एक अध्यक्ष असलेला पोल प्रकृतीचे कारण सांगून निघून गेला. जिरोलामो सेरिपांदो यांनी मात्र माणसाने आपल्या अपुऱ्या नीतिमत्त्वापलीकडे ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वावर विसंबावे, ही बाजू अखेरपर्यंत लढवली. सेरिपांदो हे ऑगस्टिनियन संघाचे प्रमुख, म्हणजे ल्युथर ज्या संघातून आला त्याच संघाचे. येशूसंघाचा दिएगो लायनेझ याने त्यांचा जोरदार प्रतिवाद केला आणि परिषद लायनेझच्या बाजूने गेली. १३ जानेवारी १५४७ च्या निर्णयात १६ अध्याय आणि ३३ निषेधकलमे आहेत. पहिलेच निषेधकलम कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरता येते असे म्हणणाऱ्यांविरुद्ध आहे, हे विसरू नये. विश्वास हा नीतिमत्त्वाचा आरंभ, पाया आणि मूळ आहे, असेही परिषद म्हणते. पण देव माणसाला आतून नीतिमान करतो ते नीतिमत्त्व एकच, दुहेरी नव्हे, असे सातव्या अध्यायाने ठरवले. केवळ विश्वास पुरेसा आहे, दुसऱ्या कशाच्या सहकार्याची गरज नाही, असे मानणाऱ्यांना नवव्या कलमाने शापित ठरवले. रेगेन्सबुर्गच्या वाटेला त्याबरोबर पूर्णविराम मिळाला.

त्याच सुमारास तलवारी उपसल्या गेल्या. एप्रिल १५४७ मध्ये म्युलबेर्गला चार्ल्सने प्रोटेस्टंट सैन्याचा पाडाव केला. पण विजय पचला नाही. १५५५ च्या आउग्सबुर्ग तहाने, संस्थानिक ठरवील तो प्रजेचा पंथ, अशी वाटणी झाली. ल्युथरपंथीयांनीही १५७७ मध्ये आपली शिकवण अधिक काटेकोर करून बंदिस्त केली. काराफा पोप चौथा पॉल झाला. रेगेन्सबुर्गला काँतारिनीसोबत असलेल्या कार्डिनल मोरोनेला त्याने पाखंडाच्या संशयावरून तुरुंगात टाकले. तोच मोरोने पुढे निर्दोष सुटला आणि १५६३ मध्ये ट्रेंटच्या अखेरच्या पर्वाचा अध्यक्ष झाला.

मराठी मुलुखात ख्रिस्ती धर्म कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन्ही वाटांनी आला. ट्रेंटच्या छायेत घडलेल्या येशूसंघाच्या थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. दोनशे वर्षांनी, १८१३ मध्ये, मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी ल्युथर आणि काल्व्हँ यांचा वारसा सांगणारे होते. विश्वासाने तारण हा विषय मराठी जीवनात कोणी स्वतःच्या काळजातून लिहिला असेल, तर पंडिता रमाबाईंनी. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. पण विल्यम हॅस्लम या अँग्लिकन धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचनात आल्यावर त्यांना जाणवले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ख्रिस्त मात्र अजून गवसलेला नाही. आपल्या योग्यतेचा हिशेब सोडून पापी म्हणून त्याच्यापुढे जायचे, हे त्यांना १८९१ च्या सुमारास उमगले आणि १९०७ च्या पुस्तिकेत त्यांनी त्याची साक्ष दिली. केडगावच्या मुक्ती सदनातल्या त्यांच्या अथक कामाकडे पाहिले, तर केवळ विश्वासाची शिकवण माणसाला आळशी करते, हा जुना आक्षेप त्यांच्यापुरता तरी निरुत्तर होतो.

विसाव्या शतकात, विशेषतः दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, कॅथलिक आणि ल्युथरन पंडित पुन्हा एकत्र बसले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्युथरन जागतिक महासंघ यांनी नीतिमत्त्वाच्या शिकवणीविषयी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. माणसाच्या कोणत्याही योग्यतेमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासात देव माणसाला स्वीकारतो आणि पवित्र आत्मा त्याचे अंतःकरण नवे करून त्याला सत्कर्मांसाठी पाठवतो, अशी त्याची मध्यवर्ती कबुली आहे. या रूपात मांडलेल्या शिकवणीला सोळाव्या शतकातले परस्परांचे निषेध लागू होत नाहीत, असेही त्यात म्हटले आहे. जर्मनीतील शंभराहून अधिक प्रोटेस्टंट प्राध्यापकांनी त्याला लेखी विरोध केला आणि त्यांचे आक्षेप पुष्कळसे ल्युथरने १५४१ मध्ये घेतले तसेच होते. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये विटेनबेर्ग येथे रिफॉर्म्ड चर्चेसचा जागतिक संघ या जाहीरनाम्यात सामील झाले. चर्चचा अधिकार आणि प्रभुभोजन या ज्या दोन विषयांवर रेगेन्सबुर्गची बोलणी मोडली, त्यांवर असा करार अजून झालेला नाही.